‘ट्रू लाइज’ची नवी डिस्क आणि जुनी तक्रार

जेम्स कॅमेरॉनचा ‘ट्रू लाइज’ मार्च 2024 मध्ये फोर-के डिस्कवर आला. सिनेमा 1994चा. अमेरिकेत त्याची डीव्हीडी 1999 साली निघाली होती. त्यानंतर ब्ल्यू-रेचा जमाना आला आणि सरत आला, तरी तिथं त्याची अधिकृत ब्ल्यू-रे काही निघाली नाही. चाहते जवळपास पंचवीस वर्षं वाट बघत होते. इतक्या प्रतीक्षेनंतर डिस्क आली आणि भांडण सुरू झालं. भांडणाचा विषय होता, पात्रांचे चेहरे.

फिल्मवर चित्रित झालेल्या सिनेमात बारीक दाणे सतत हलत असतात, त्याला ग्रेन म्हणतात. ती घाण नव्हे, ती फिल्मच्या रसायनातूनच येते. चित्राचा पोत तिनंच बनतो. नव्या आवृत्तीत हे दाणे संगणकाकडून बरेचसे पुसून घेतले गेले आणि मग चित्र धारदार करण्यात आलं. असं करताना फिल्मवर न उमटलेले बारकावेही यंत्र अंदाजानं भरतं. परिणाम असा की काही प्रसंगांत श्वार्झनेगरची त्वचा मेणासारखी दिसते, केस तारेसारखे वाटतात. चाहते चिडले. कॅमेरॉन उलट त्यांच्यावरच चिडला. आईच्या तळघरातून जरा बाहेर पडा, असं त्यानं एका मुलाखतीत सुनावलं.

या भांडणात मी चाहत्यांच्या बाजूनं आहे. जुना सिनेमा जसा होता तसा पुढच्या पिढीला मिळायला हवा. पण ज्या सिनेमात नायकाच्या गालावरच्या छिद्रांसाठी माणसं महिनोन्‌महिने वाद घालतात, त्याच सिनेमात डझनावारी माणसं अशी आहेत की त्यांना मुळात चेहराच दिलेला नाही. त्यांच्याबद्दल या सगळ्या वादात मला फारसं काही वाचायला मिळालं नाही.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो सुट्टीत मामूंच्या घरी, केबलवर. आम्ही पाच-सहा पोरं होतो, सगळी मोहल्ल्यातली. श्वार्झनेगर घोड्यावरून हॉटेलच्या लिफ्टमध्ये शिरतो तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. जेमी ली कर्टिसच्या हातून बंदूक निसटते, जिन्यावरून गडगडत खाली जाते आणि आपोआप सुटलेल्या गोळ्यांनी एकेक अतिरेकी लोळवते, तेव्हा तर पोट धरून हसलो. खलनायकाचं नाव सलीम अबू अझीझ, त्याच्या टोळीचं नाव ‘क्रिमझन जिहाद’. आमच्यात एक सलीम होता. त्याला पुढे दोन दिवस आम्ही अझीझ म्हणून चिडवलं. बाहेरच्या कुणी नव्हे, आम्हीच.

आता नव्यानं पाहताना एका प्रसंगावर मी थांबलो. अझीझ अमेरिकेला धमकी देणारी चित्रफीत तयार करतोय. तो म्हणतो, तुम्ही आमच्या बायका-मुलांना मारलंत, लांबून आमच्या शहरांवर बाँब टाकलेत आणि वर आम्हालाच दहशतवादी म्हणता. आखातातून अमेरिकेनं सैन्य काढून घ्यावं, ही त्याची मागणी. संपूर्ण सिनेमात त्याच्या रागाचं कारण सांगितलं जातं ते एवढंच. आणि नेमकं तेव्हाच कॅमेऱ्याची बॅटरी संपत येते. शूटिंग करणारा घाबरून बघत राहतो, शेवटी चाचरत सांगतो, अझीझ खेकसतो, आपण हसतो.

विनोद चांगलाच आहे. मला आजही हसू आलं. पण सिनेमा यायच्या तीन वर्षं आधी, 13 फेब्रुवारी 1991 रोजी, बगदादच्या अमिरिया भागातल्या एका आसऱ्यावर अमेरिकन विमानांनी बाँब टाकले होते. आत लपलेले 400 हून अधिक नागरिक मेले, त्यांत बायका-मुलंच जास्त. अझीझच्या तोंडचं वाक्य पटकथाकारानं हवेतून आणलेलं नाही. खरी गोष्ट त्यानं उचलली, ती अणुबाँबवाल्या माथेफिरूच्या तोंडी घातली आणि बॅटरी संपवली. त्यानंतर ती गोष्ट कोण ऐकणार?

अझीझची भूमिका आर्ट मलिकनं केली आहे. जन्म पाकिस्तानातल्या बहावलपूरचा, कारकीर्द ब्रिटनमधली, आणि नट म्हणून दमदार. 1987च्या ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ या बाँडपटात हाच मलिक अफगाण मुजाहिदांचा नेता आहे. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, उमदा, बाँडच्या खांद्याला खांदा लावून रशियनांशी लढणारा. दोन्हीकडे नट तोच, हातात बंदूकही आहेच. मधल्या सात वर्षांत बदललं ते अमेरिकेचं आणि ब्रिटनचं शत्रूचं खातं. तोवर सोव्हिएत संघ बुडाला होता आणि हॉलिवूडला नवा खलनायक हवा होता.

हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. जुलै 1994 मध्ये सिनेमा लागला तेव्हा अमेरिकेतल्या अरब संघटनांनी निदर्शनं केली होती. शेवटी श्रेयनामावलीत एक ओळ घालण्यात आली: ही काल्पनिक कथा आहे, कोणत्याही संस्कृतीचं वा धर्माचं प्रतिनिधित्व करत नाही, अशा अर्थाची. ती वाचायला थिएटरात कोण थांबतं? जॅक शाहीन नावाच्या अभ्यासकानं आयुष्यभर हॉलिवूडमधल्या अरबांच्या चित्रणाची नोंद ठेवली. ‘रील बॅड अरब्ज’ या 2001च्या ग्रंथात त्यांनी 900 हून अधिक सिनेमे तपासले आहेत. शाहीन लेबनीज वंशाचे ख्रिस्ती होते, हे मुद्दाम सांगतो. ही तक्रार फक्त मुसलमानांचं रडगाणं म्हणून झटकली जाते म्हणून.

सिनेमा लागल्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा 19 एप्रिल 1995 रोजी ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत उडवली गेली. 168 माणसं मेली. पहिल्या तासांत वाहिन्यांवरच्या जाणकारांनी मध्यपूर्वेकडं बोट दाखवलं. निघाला टिमथी मॅकव्हे, अमेरिकेचाच माजी सैनिक. हे ‘ट्रू लाइज’मुळे घडलं असं मी म्हणत नाही. पण बोट लगेच कुठं वळतं, ही सवय एका दिवसात लागत नाही.

सिनेमाच्या बाजूनंही बोलायला हवं. मुळात ही बाँडपटांची टर आहे. 1991च्या ‘ला तोताल!’ या फ्रेंच विनोदी सिनेमावर ती बेतलेली आहे, आणि नायकही तितकाच हास्यास्पद दाखवलाय. नायकाच्या पथकात फैसल नावाचा एक भला माणूस आहे. पण त्याच्या वाट्याला संगणकापुढं बसण्यापलीकडं फारसं काही येत नाही, आणि ती भूमिकाही अरब नसलेल्या ग्रँट हेस्लोवनं केली आहे. खुद्द कॅमेरॉननं 11 सप्टेंबरनंतर दुसरा भाग काढायचा बेत सोडला. दहशतवादावर आता हसता येत नाही, असं त्याला वाटलं. त्याचं हे मत मला प्रामाणिक वाटतं. मात्र अमिरियानंतर तीन वर्षांत त्यावर हसता येत होतं, हेही खरं.

मग काय, प्रसंग कापायचे? अजिबात नाही. ‘अलादीन’च्या बाबतीत डिस्नेनं 1993 मध्ये तसं केलं होतं. अरब-अमेरिकनांच्या तक्रारीनंतर गाण्यातली कान कापण्याची ओळ व्हिडिओ आवृत्तीत बदलली, पण त्या देशाला रानटी म्हणणारा शब्द तसाच राहिला. अशा डागडुजीनं तक्रारही अर्धवट मिटते आणि पुरावाही पुसला जातो. मला ‘ट्रू लाइज’ जसाच्या तसा हवाय, दाण्यांसकट. सोबत 1994च्या निदर्शकांपैकी कुणाला तरी अर्धा तास बोलू द्यावं, आर्ट मलिकला त्या दोन भूमिकांबद्दल मोकळेपणानं विचारावं. डिस्कवर जागेची कमतरता नसते. पुनर्संचयन म्हणजे जुनी वस्तू तिच्या काळासकट हाती देणं असेल, तर त्या काळात थिएटराबाहेर फलक घेऊन उभी असलेली माणसंही त्यात येतात.

परवा माझा पंधरा वर्षांचा भाचा शेजारी बसून हा सिनेमा पाहत होता. बॅटरीच्या प्रसंगाला तोही हसला. मग मला म्हणाला, ‘मामू, पण तो बोलत काय होता? नीट कळलं नाही.’

मी रिमोट घेऊन प्रसंग मागे नेला.