‘आई’ कवितेतली धाकटी बहीण

कवी यशवंतांच्या ‘आई’ कवितेतली एकच ओळ लोकांना पाठ असते: ‘स्वामी तिन्ही जगांचा आईविना भिकारी’. सुभाषितासारखी ती भाषणांत येते, फलकांवर झळकते. या कवितेवर त्या ओळीने अन्याय केला आहे, असे मी ठामपणे म्हणतो.

यशवंत दिनकर पेंढरकर १८९९ साली सातारा जिल्ह्यातल्या चाफळला जन्मले. शिकले सांगलीत आणि कवितेची वाट त्यांना तिथेच, कवी साधुदासांच्या सहवासात सापडली. ही कविता गाऊन घरोघर पोचवणाऱ्या आशा भोसलेंचेही बालपण सांगलीतच गेले.

कविता सुरू होते ती कानापासून. दुसऱ्याचे मूल आईला हाक मारते आणि ती हाक या पोरक्या मुलावर कुऱ्हाडीसारखी पडते. मग तो डोळ्यांनी पाहू लागतो: पिलांना भरवणारी चिमणी, वासराला चाटणारी गाय. इथवर दुःख आहे, पण थोडे दुरून पाहिलेले.

तिसऱ्या कडव्यात सूर पालटतो. शाळेतून आल्यावर पोटाशी धरणे, काढून ठेवलेला घास, उष्ट्या तोंडाचा मुका, सांजवात. क्रियापदे सगळी भविष्यकाळी आहेत आणि त्यातले काहीच घडणार नाही. आईला ‘तू’ म्हणणेही इथेच सुरू होते. हेवा संपून आर्जव सुरू झाले, ते या ‘तू’मुळे.

त्यानंतर येते धाकटी बहीण. तिला काही कळत नाही. भावाच्या डोळ्यांतले पाणी पाहून ती बावरते. ‘आई नाही’ एवढे ऐकते आणि मैत्रिणींना तेच सांगत सुटते. तिचे ते बोल भावाच्या कानी येतात. पहिल्या कडव्यात परक्याच्या हाकेने दुखावलेल्या कानांवर आता घरचाच निरागस आवाज पडतो. मराठीत पोरकेपणाचे याहून नेमके चित्र मला ठाऊक नाही.

पुढचे सागर, धरा, चंद्रिका, मेघ यांच्या उपमांचे कडवे मला तितके भावत नाही. तिथे मूल मागे सरते आणि व्युत्पन्न कवी बोलू लागतो. पण शेवटी मूल परत येते. पूर्वजांचे गुण गाणाऱ्या त्याच्या रचनेला सभेने वाखाणलेले असते आणि कौतुक करायला आईच नसते. म्हणून तो तिला घरी बोलावतो, तेही लगेच, वेळ न दवडता. सुभाषिताला अशी घाई नसते.

शिक्षकांनो, ही कविता वर्गात सलग, मोठ्याने वाचा. प्रसिद्ध ओळीचा अर्थ विचारू नका, बहिणीबद्दल विचारा.