खातेदाराच्या माथी मारलेली जोखीम

गेल्या महिन्यात एका व्याख्यानमालेत, डिजिटल व्यवहारांतील संधी आणि धोके या विषयावर, अर्थव्यवहाराचे जाणकार म्हणून पाचारण केलेल्या एका विद्वान गृहस्थांचे भाषण ऐकण्याचा योग आला, आणि त्यातील जे एक वाक्य त्यांनी टाळ्यांच्या गजरात दोनदा उच्चारले, त्याने तेव्हापासून माझे मन स्वस्थ नाही. ‘फसणारा माणूस हा फसवणाऱ्याचा निम्मा भागीदार असतो,’ असे ते वाक्य होते. सभागृहातील निम्मे श्रोते साठीच्या पुढचे होते. त्यांच्यापैकी कोणाकोणाचे पैसे असे गेले असतील आणि ते ऐकून कोणी मान खाली घातली असेल, याचा विचार वक्त्यांना शिवलाही नाही.

त्यांचा पक्ष थोडक्यात असा. डिजिटल व्यवहाराने देशापुढे अपूर्व संधी उभी केली आहे. संधी हवी तर जोखीमही पत्करली पाहिजे. यंत्रणा मुळात निर्दोष असून माणूस हीच साखळीतील कच्ची कडी आहे. जे फसतात ते लोभी, भित्रे किंवा आळशी असतात. त्यांना नुकसानभरपाई दिली तर सगळेच बेफिकीर होतील. व्यवहारात अटकाव किंवा विलंब घातला तर व्यापार खुंटेल. आणि एकूण उलाढालीशी ताडून पाहता फसवणुकीचे प्रमाण नगण्य आहे. सबब, उपाय एकच, तो म्हणजे जागरूकता.

संधीविषयी माझा त्यांच्याशी वाद नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयवरील व्यवहारांची संख्या एकाच महिन्यात एक हजार कोटींपलीकडे गेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारी भाजीवाली सुट्या पैशांच्या कटकटीतून सुटली आणि दिवसाची कमाई रात्री कमरेला बांधून घरी नेण्याच्या भीतीतूनही सुटली, हे मी रोज पाहतो आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. वाद आहे तो जोखमीच्या वाटणीविषयी.

‘कच्ची कडी’ हा जो शब्द वक्त्यांनी योजिला, त्याच्याविषयी मला सविस्तर बोलावयाचे आहे, कारण इतर सर्व मुद्दे या एका खुंटीला टांगलेले आहेत. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. २०२१ च्या पावसाळ्यात त्यांनी घरात पडून राहिलेले शिलाईयंत्र विकण्याची जाहिरात मोबाईलवरून दिली. बदली होऊन गावात आलेला लष्करी अधिकारी म्हणविणाऱ्या एकाने मुळीच घासाघीस न करता किंमत कबूल केली आणि ‘पैसे पाठवतो, फोनवर सूचना येईल, तिला मान्यता देऊन पिन टाका’ असे सांगितले. सूचना आली, ती पैसे येण्याची नव्हती, पैसे मागण्याची होती. बाईंनी पिन टाकला आणि दोन हजार रुपये गेले. ‘चूक झाली, परत पाठवतो’ असे म्हणून त्याने दुसरी मागणी धाडली, मग तिसरी. प्रत्येक वेळी आधीचे परत मिळविण्यासाठी बाई पुन्हा मान्यता देत गेल्या, आणि सातव्या मागणीनंतर त्यांनी फोन खाली ठेवला तेव्हा चौदा हजार गेले होते. यात लोभ कोठे होता? त्यांनी मागितली ती आपल्याच वस्तूची किंमत होती. पस्तीस वर्षे मुलांची गुणपत्रके आणि शाळेची जमाखर्चाची वही बिनचूक ठेवणारी ही बाई आळशीही नव्हे.

आता त्या यंत्रणेकडे पाहू. पैसे देताना जो पडदा दिसे, तोच येथे दिसला. पिनची जी चौकट तेथे, तीच येथे. देणे आणि घेणे या हिशेबशास्त्रातील दोन परस्परविरुद्ध क्रिया. त्यांपैकी ‘मी घेतो आहे’ असे मनुष्य समजत असताना ‘मी देतो आहे’ असे घडविण्याला ज्या मार्गाने वाव मिळतो, तो मार्ग आखणाऱ्याने काय गृहीत धरले होते? आपल्या वाडवडिलांच्या दुकानांत जमा आणि नावे यांच्या बाजू वेगळ्या असत. आजही बँकेच्या शाखेत भरणा करण्याची चिठ्ठी आणि पैसे काढण्याची चिठ्ठी वेगवेगळी ठेवतात, कारण गर्दीत उभ्या असलेल्या, चष्मा घरी विसरलेल्या, घाईत असलेल्या माणसाकडून चूक होणार हे जाणूनच ती तजवीज केलेली असते. चुकणारा मनुष्य हा अपवाद नसून नियम आहे, हे ज्या व्यवस्थेला ठाऊक असते ती व्यवस्था शहाणी होय.

कित्येक वर्षे या प्रकारावर उपाय म्हणून ‘पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही’ या उपदेशाचे फलक लागले, संदेश आले. नंतर तर कोणालाही फोन लावावा तो समोरची घंटा वाजण्याआधी सावधगिरीचे व्याख्यान कानी पडू लागले, इतके की घाईच्या प्रसंगी डॉक्टरला फोन लावणाऱ्यालाही ते ऐकूनच पुढे जावे लागे. मधल्या काळात अशा मागणीवर दोन हजारांची मर्यादाही घालण्यात आली. बाईंचे पैसे सात हप्त्यांनी गेले ते त्यामुळेच. आणि अखेर काय झाले? १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी धाडण्याची सोयच बंद करण्यात आली. व्यापाऱ्यांसाठी ती राहिली, व्यक्ती-व्यक्तींमधील गेली. जी वाट बंद करणे एका निर्णयाचे काम होते, ती उघडी ठेवून कोट्यवधी लोकांना ‘सांभाळून चाला’ असे वर्षानुवर्षे सांगितले गेले, आणि त्या वाटेवर जे जे पडले त्यांची गणना वक्त्यांनी निम्म्या भागीदारांत केली. कच्ची कडी माणूस होता, तर ती वाट बंद करण्याचे प्रयोजन काय होते, याचे उत्तर त्यांनी द्यावे.

माणूसच कच्चा आणि यंत्रणा पक्की, या समजुतीला दुसराही एक दाखला छेद देतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील एका जुन्या सहकारी बँकेतून दोन दिवसांच्या अंतराने सुमारे चौऱ्याण्णव कोटी रुपये गेले. अठ्ठावीस देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले आणि वर जवळजवळ चौदा कोटी हाँगकाँगला वळते झाले. त्यात एकाही खातेदाराने कोणाला पिन सांगितला नव्हता. घुसखोरी बँकेच्याच संगणकव्यवस्थेत झाली होती. नुकसान खातेदारांवर पडणार नाही असे बँकेने जाहीर केले आणि ते योग्यच झाले. माझे म्हणणे इतकेच की मोठ्या संस्थेच्या दारात चोर शिरतो तेव्हा जो न्याय आपल्याला स्वाभाविक वाटतो, तो न्याय निवृत्त शिक्षिकेच्या दारात शिरलेल्या चोराच्या बाबतीत आपण विसरतो.

हा न्याय नवा नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. धनादेशावरील सही खोटी ठरली तर तो धनादेश वटविणाऱ्या बँकेला खातेदाराचा हुकूमच मिळालेला नसतो, म्हणून तोटा बँकेचा, हे तत्त्व आपल्याकडे जुने आहे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या एका दाव्यात एका कंपनीच्या हिशेबनिसाने, ज्याच्या ताब्यात चेकबुक असे, बेचाळीस धनादेशांवर खोट्या सह्या करून पैसे काढले होते. कंपनीने हिशेब वेळेवर तपासले नाहीत, हा बँकेचा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. कंपनीच्या घरच्या माणसाने, कंपनीच्याच ढिलाईचा फायदा घेऊन केलेल्या लबाडीचाही भार बँकेवर गेला, कारण सही पडताळणे हे बँकेचे काम होते. आता सहीच्या जागी पिन आला. पिन खोटा असूच शकत नाही. तो खराच असतो, फक्त तो कोणत्या भुलीने टाकवून घेतला हे तो सांगत नाही. सहीवरून पिनवर येताना सोय दोघांची झाली. पण पडताळणीचे ओझे बँकेच्या मेजावरून उचलून खातेदाराच्या तळहातावर ठेवले गेले, आणि या स्थलांतराची चर्चा कोणत्याही सभागृहात झाली नाही.

६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने खातेदाराला संरक्षण दिले आहे, हे वक्त्यांनी सांगितले, ते खरे आहे. खातेदाराच्या संमतीवाचून झालेल्या व्यवहारात, दोष बँकेचा किंवा तिऱ्हाइताचा असेल आणि तिऱ्हाइताच्या बाबतीत तीन कामकाजाच्या दिवसांत वर्दी दिली असेल, तर खातेदारावर तोशीस नाही. शिवाय खातेदाराची जबाबदारी शाबीत करण्याचा भार बँकेवर आहे. परंतु याच परिपत्रकात, खातेदाराने आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असेल तर वर्दी देईपर्यंतचा सर्व तोटा त्याचाच, असे कलम आहे; आणि ज्याने स्वतःच्या बोटाने पिन टाकला त्याच्या व्यवहाराला ‘अधिकृत’ हे नाव लागते, म्हणजे तो या छत्राखाली येतच नाही. आजची बहुतेक फसवणूक अशाच बोटांकडून करवून घेतली जाते. पोलिसाचा खोटा गणवेश घालून, व्हिडिओ कॉलवरून माणसाला त्याच्याच घरात ‘अटकेत’ ठेवून जे पैसे वळविले जातात, तेही कागदोपत्री अधिकृतच असतात.

भरपाईने लोक बेफिकीर होतील, हा आक्षेप मी यापूर्वीही ऐकला आहे, आणि तो ऐकताना मला एका पतसंस्थेची वार्षिक सभा आठवते. संस्था बुडण्याच्या बेतात होती. एका वृद्ध ठेवीदाराने उठून आपल्या पैशांचे काय असे विचारले, तेव्हा व्यासपीठावरून उत्तर आले की अर्धा टक्का अधिक व्याजाच्या मोहाने ठेव ठेवण्यापूर्वी चौकशी करावयास हवी होती. ताळेबंद छापणारे तेच, हिशेबतपासनीस नेमणारे तेच, आणि चौकशीत कसूर मात्र ठेवीदाराची! मी त्या सभेत बोललो होतो आणि माझे बोलणे इतिवृत्तात आले नाही. १९६० साली केरळातील एक मोठी बँक बुडाल्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून या देशात बँकांतील ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले, त्याचा हप्ता बँका भरतात, आणि २०२० पासून ते संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढले. एवढ्या वर्षांत लोक पैसे कोठेही टाकू लागले असे कोणी दाखवून दिलेले नाही.

विलंबाने व्यापार खुंटतो म्हणावे, तर नव्या यूपीआय नोंदणीवर पहिल्या चोवीस तासांत पाच हजारांची मर्यादा आजही असते, आणि व्यापार चालूच आहे. प्रमाण नगण्य असेल, तर भरपाईचा बोजाही नगण्यच असणार. भरपाई देण्याला मग हरकत कसली?

आता माझे स्वतःचे म्हणणे. आपल्या पेठांत हुंडी चालत असे तेव्हा ‘शाहजोग’ नावाचा तिचा एक प्रकार होता. ती कोणाही ऐऱ्यागैऱ्याला वटवून मिळत नसे. बाजारात पत असलेल्या शाहाच्या हातूनच तिचे पैसे चुकते होत, आणि पुढे हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली तर पैसे घेणाऱ्या शाहाला ते परत करावे लागत. याचा अर्थ असा की पैसे ज्याच्या पदरात पडतात त्याच्या ओळखीची हमी देणारा कोणी तरी पेठेत उभा असे. फसवणुकीचे पैसे हवेत जिरत नाहीत. ते कोणत्या तरी बँकेतील कोणत्या तरी खात्यात जमा होतात, आणि ते भाड्याने दिलेले खाते त्या बँकेने ओळखपत्रे घेऊन, छायाचित्र चिकटवून उघडलेले असते. तो शाह आज कोठे आहे? ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, भुलवून करवून घेतलेल्या अशा व्यवहारांची भरपाई पंच्याऐंशी हजार पौंडांपर्यंत देणे बँकांवर बंधनकारक झाले, आणि तिचा भार पैसे पाठविणाऱ्या व पैसे स्वीकारणाऱ्या संस्थेने निम्मा निम्मा उचलावयाचा आहे. वक्त्यांना निम्मा भागीदार हवाच असेल तर तो तेथे सापडतो.

आपल्याकडेही एवढे व्हावे: स्वीकारणाऱ्या बँकेवर वाटा, घोर बेपर्वाई शाबीत झाली तरच खातेदाराला वगळणे, आणि पैसे जाण्यापूर्वी ‘तुमच्या खात्यातून जात आहेत’ हे वाक्य, खातेदार जी भाषा बोलतो त्या भाषेत, ठळक अक्षरांत. खात्याच्या क्रमांकाबरोबर नावही दाखविण्याची व्यवस्था एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसला लागू झाली, यावरून मनात आणले तर या गोष्टी होतात हे दिसते. वाटा किती असावा, मर्यादा काय असावी, हे ठरविण्याचा अधिकार मजकडे नाही आणि त्याचा तपशीलही मी मांडणार नाही.

बाईंच्या बँकेने त्यांच्या तक्रारीला दिलेल्या उत्तरात व्यवहार त्यांच्याच पिनने झाल्याचे नमूद करून पिन गोपनीय ठेवण्याविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. बाईंनी पिन कोणालाही सांगितलेला नव्हता. चौदा हजार रुपये ज्या खात्यात जमा झाले ते कोणत्या बँकेने, कोणत्या कागदपत्रांवर उघडले, हा त्यांचा प्रश्न होता. त्याविषयी त्या पत्रात एक शब्द नव्हता. गेल्या सोमवारी मी त्यांच्याबरोबर शाखेत जाऊन तोच प्रश्न तिसऱ्यांदा लेखी दिला, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला.