चिंगीचा दमा आणि हळदीचा सीझन

माणसाला दमा असेल तर अख्खी गल्ली सल्ले देते. मांजराला दमा आहे म्हटलं, की लोक खो-खो हसतात. 'आता तिची बीपी-शुगरही बघा!' वसमतला आमच्या घरी चिंगी आहे, त्यामुळे हे टोमणे मला पाठ आहेत.

तर दोस्तहो, हसू नका. ॲलर्जीमुळे मांजराच्याही श्वासनलिका सुजतात, आकसतात आणि आत चिकट स्राव साठतो. मांजर जमिनीलगत दबून बसतं, मान पुढे ताणतं आणि खोकतं. आपल्याला वाटतं, पोटातला केसांचा गोळा बाहेर येतोय. गोळा काही पडत नाही, खोकला मात्र पुन्हा येतो. शंका घ्यायची ती इथेच!

त्यात आमचा हिंगोली जिल्हा. पावसाळा सरला की सोयाबीनची मळणी, मग कापूस, उन्हाळ्याच्या तोंडावर हळद शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण त्या दिवसांत आम्ही खिडक्या बंद ठेवतो आणि फरशी झाडत नाही, ओल्या फडक्याने पुसतो. डासांची कॉइल, रूम फ्रेशनर, सिगारेट घरात बंद. आजीने संध्याकाळचा धूप सोडून नुसतं निरांजन ठेवलं, हे सगळ्यात मोठं!

आपल्याकडच्या दवाखान्यांत गर्दी गाई-म्हशींची. परभणीला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, हे लक्षात असू द्या. डॉक्टर एक्स-रे काढतात, जंत आणि हृदयाचा आजार नाही ना, हे बघतात. उपचार म्हणजे मुख्यतः स्टेरॉइड, गोळीतून किंवा इनहेलरमधून. लहान मुलांसारखा मास्क आणि स्पेसर लावायचा, सात ते दहा श्वास घेऊ द्यायचे. मात्र या इनहेलरचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून औषध मनानेच बंद करू नका. आणि घरातली पॅरासिटामॉल? चुकूनही नाही, मांजरासाठी ती विषच.

मास कॉमला बरंच शिकवलं, झोपलेल्या मांजराचे श्वास मोजायला नाही. ते सोपं आहे. मोबाइलवर एक मिनिट लावा, छाती वर-खाली झाली की एक. आकडा तिसाच्या आत हवा. सतत वर गेला तर डॉक्टरांना फोन. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर सकाळची वाट बघू नका. तडक निघा.