थकलेलं हृदय आणि रात्रभर जागा चौकीदार

वाचकहो, साताऱ्याचं पाटण तुम्हाला ठाऊक असेल. मी आज बोलतेय ते जबलपूर जिल्ह्यातल्या पाटनबद्दल. तिथे थंडी म्हणजे मटारचा हंगाम. धुक्यातच तोडणी सुरू होते. समजा, अशाच एका घरातल्या आजोबांना हार्ट फेल्युअर आहे. म्हणजे हृदय बंद पडलेलं नाही, त्याचं पंपिंग कमी पडतंय. गुडघे दुखतात म्हणून मुलगा मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतो. अशक्तपणा आलाय, प्रतिकारशक्ती वाढायला हवी, म्हणून सूनबाई ज्येष्ठमधाचा काढा करते. दोघांचीही माया खरी. पण आठवड्याभरात आजोबांचे पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. असं का व्हावं?

प्रतिकारशक्ती कमी नव्हे, बिथरलेली

शेतात राखणीला बसलेला माणूस आठवा. महिनोन् महिने झोप नाही मिळाली, तर तो सावलीलाही दगड मारतो. त्यात आपलंच पीक मोडतं. आणि खरोखर रानडुकरं येतात तेव्हा तो थकलेला असतो. जुनाट हार्ट फेल्युअरमध्ये आपल्या प्रतिकारशक्तीचं असंच काहीसं होतं.

ताण पडलेल्या हृदयाच्या पेशी धोक्याचे संदेश सोडतात. पांढऱ्या पेशी धावून येतात आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-६ अशी रसायनं रक्तात वाढतात. शरीरात पाणी साठलं की आतड्याची भिंतही सुजते, आणि तिथल्या जंतूंचे अंश रक्तात झिरपू शकतात. चौकीदार आणखी भडकतो. हा मंद दाह हृदयाला आणखी कमजोर करतो, भूक मारतो, स्नायू झिजवतो. शरीरात लोह असलं तरी ते अडकून पडतं. आजोबांचा अशक्तपणा निव्वळ वयाचा नसतो, तो असा!

मग दाह विझवून टाकावा का?

डॉक्टरांनाही हेच वाटलं होतं. गंभीर हार्ट फेल्युअरच्या रुग्णांमध्ये टीएनएफ वाढलेलं असतं, हे 1990 मध्ये दिसून आलं. पुढे संधिवातात वापरलं जाणारं, टीएनएफला रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब 150 रुग्णांवर तपासलं गेलं. 2003 साली निकाल आला. फायदा नाहीच, उलट जास्त डोस घेणाऱ्यांचा त्रास आणि धोका वाढला. चौकीदाराला बांधून ठेवलं तर राखण कोण करणार? म्हणून संधिवातासाठी अशी इंजेक्शनं चालू असतील, तर हृदयाचा आजार डॉक्टरांना आवर्जून सांगा.

घरात काय पाळाल?

• आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनानं घेऊ नका. त्या दाह कमी करतात खऱ्या, पण मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात. दुखण्यावर काय चालेल, ते डॉक्टरांना विचारा.

• ज्येष्ठमध जपून. तो सतत घेतला तर रक्तदाब वाढतो, अंगात पाणी धरतं आणि पोटॅशियम घटतं. 'इम्युनिटी वाढवणारी' कुठलीही पावडर सुरू करण्यापूर्वी डबा डॉक्टरांना दाखवा.

• रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं, तर वाट न बघता डॉक्टरांना कळवा.

• फ्लूची लस दरवर्षी घ्या, न्यूमोनियाच्या लसीबद्दल विचारा. साधा खोकलाही अशा हृदयाला जड जातो.

• हिरड्या सुजल्या असतील तर दुर्लक्ष करू नका. फार थकवा असेल तर लोहाची तपासणी करावी का, हे विचारून घ्या.

• पापड, लोणचं, फरसाण कमी. आणि बरं वाटतंय म्हणून हृदयाच्या गोळ्या बंद करू नका. हृदयावरचा ताण उतरवतात त्या याच गोळ्या.

पाटनहून जबलपूरच्या मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि तोडणीच्या दिवसांत तर फारच जड जातं, हे मान्य. म्हणूनच वजनकाटा आणि पेन घरात हवं. फोनवर डॉक्टरांना नेमका आकडा सांगता आला, तर पुष्कळदा वेळेवर सल्ला मिळतो आणि रात्रीची धावपळ वाचते.

आज एवढंच करा. तुमच्या घरातल्या आजी-आजोबांच्या औषधांचा डबा उघडा आणि त्यात न विचारता आणलेली गोळी किती आहे, ते बघा.