विश्लेषण : दगडाइतकीच त्याच्या स्थळाची नोंद मोलाची

जबलपूर : सांस्कृतिक संपत्तीच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी भारत आणि अमेरिका यांच्यात 26 जुलै 2024 रोजी नवी दिल्लीत करार झाला. त्याच्या कक्षेत सुमारे 17 लाख वर्षांपूर्वीपासून इ.स. 1770 पर्यंतच्या पुरातत्त्वीय वस्तू येतात. म्हणजेच मंदिरांतील मूर्तींच्या जोडीला अश्मयुगीन हातकुऱ्हाडही आता संरक्षणयोग्य ठरली आहे. नर्मदाकाठच्या जबलपूरसारख्या परिसरासाठी ही बाब महत्त्वाची आहे. मात्र एखादी वस्तू आपली आहे असे सांगायचे, तर ती कोठून उचलली गेली हे सिद्ध करावे लागते. नेमका तोच दुवा आज सर्वांत कच्चा आहे.

या परिसराचे पुरावैभव मोठे आहे. हथनोरा येथे 1982 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा जीवाश्म सापडला. नर्मदेच्या जुन्या गाळाच्या थरांत दगडी हत्यारे विपुल आढळतात. जबलपूरनजीकचे तेवर म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. तेथे 1951-52 मध्ये मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी उत्खनन केले. भेडाघाट-लमेटाघाट 2021 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे.

अशा वस्तू हौसेने जमवण्याचा छंद निरुपद्रवी वाटतो. त्याचे परिणाम पाहायचे, तर इजिप्तचे उदाहरण बोलके आहे. सक्कारा येथील जोसेर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखालील दालनांत सुमारे 40 हजार दगडी पात्रे सापडली. ग्रॅनाइटसारख्या कठीण दगडात कोरलेली अशी पात्रे दीर्घकाळ जगभरच्या बाजारांत विकली जात होती. इजिप्तने 1983 च्या कायद्याने हा व्यापार बंद केला. पण त्यापूर्वी बाहेर गेलेल्या असंख्य पात्रांचे मूळ स्थळ कोणालाच ठाऊक नाही. अलीकडे खासगी संग्रहांतील काही पात्रांची लेसरने मोजणी करून, ‘एवढा अचूकपणा प्राचीन कारागिरांना शक्य नव्हता’ असे दावे करण्यात आले. परंतु पात्र थडग्यातून आले की आधुनिक कार्यशाळेतून, हेच ठरत नसेल, तर मोजणी कितीही सूक्ष्म असली तरी निष्कर्ष अधांतरीच राहतो. याउलट फ्लिंडर्स पेट्री यांनी कोणत्या थडग्यात कोणती भांडी एकत्र होती याची काटेकोर नोंद ठेवली. त्यांनी 1901 मध्ये मांडलेला राजवंशपूर्व इजिप्तचा कालक्रम त्या नोंदींवरच उभा राहिला.

जबलपूरकडेही असाच दाखला आहे. कलचुरी राणी अल्हणदेवीचा इ.स. 1155 मधील भेडाघाटचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात फिट्झएडवर्ड हॉल यांच्यामार्फत अमेरिकेतील अमेरिकन ओरिएंटल सोसायटीकडे पोहोचला. दगड सातासमुद्रापार गेला. मात्र तो कोठला, याची नोंद कायम राहिली. म्हणूनच महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांना 1955 मध्ये प्रकाशित झालेल्या कलचुरी-चेदी शिलालेखांच्या संग्रहात त्याला योग्य स्थान देता आले. शिलालेख आपली ओळख निदान अक्षरांतून सांगतो. हातकुऱ्हाडीवर काहीच कोरलेले नसते. ज्या थरातून ती निघाली, तो थर हीच तिची ओळख.

कायदा काय सांगतो? 1976 पासून अमलात असलेल्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, 1972 नुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू पुरावस्तू ठरतात. परवान्याविना त्यांचा व्यापार करता येत नाही, तसेच खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. बेकायदा निर्यातीसाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. तथापि नोंदणीची सक्ती पाषाणशिल्पे, चित्रे अशा अधिसूचित प्रकारांपुरतीच आहे. 1878 च्या निखात निधी अधिनियमाचा निकष तर जमिनीत दडलेल्या वस्तूची किंमत दहा रुपयांहून अधिक असण्याचा आहे. नांगराच्या फाळाला लागलेल्या दगडी हत्याराचे मोल रुपयांत कोण ठरवणार?

इंग्लंड व वेल्समध्ये 1997 पासून सामान्य नागरिकांना सापडलेल्या वस्तूंची स्वेच्छेने नोंद करून घेणारी योजना चालते. वस्तू बहुधा शोधणाऱ्याकडेच राहते, माहिती मात्र सर्वांची होते. या पद्धतीवर आक्षेपही आहेत. नोंदीच्या आडून खोदकामाला उत्तेजन मिळते, असे काही अभ्यासक मानतात. भारतात 2007 मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय स्मारक व पुरावस्तू अभियान प्रामुख्याने ज्ञात स्मारके आणि संग्रहांची सूची करते. शेतकरी, विद्यार्थी वा गिर्यारोहक यांना सापडलेल्या वस्तूची माहिती देण्याचा तितकाच सोपा मार्ग गावपातळीवर हवा आहे.

2020 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे स्वतंत्र जबलपूर मंडळ अस्तित्वात आले. राणी दुर्गावती संग्रहालयही शहरात आहे. या संस्थांनी ग्रामपंचायती आणि महाविद्यालयांना हाताशी धरले, तर नोंदीचे काम अल्प खर्चात उभे राहू शकते. वस्तू जागची न हलवता छायाचित्र घेणे, शेजारी मोजपट्टी ठेवणे आणि भ्रमणध्वनीवरून स्थळाचे अक्षांश-रेखांश टिपणे, एवढी शिस्तही पुरेशी आहे. परदेशात गेलेला वारसा परत मागताना उद्या याच नोंदी पुरावा म्हणून उभ्या राहतील. त्या नसतील, तर कराराची कक्षा कितीही विस्तृत असली तरी आपल्या हाती केवळ अनामिक दगड उरतील.