दस्तरख्वान : उरलेल्या खजुराचे कॅरमेल

रमजान संपला, ईद झाली, की बहुतेक घरांत खजुराचा एक डबा मागे राहतो. त्यात काही इफ्तारसाठी बाजारातून आणलेला, काही उमराहून आलेल्या नातलगाने दिलेला, काही शेजारून तबर्रुक म्हणून आलेला. शव्वालचे सहा रोजे धरणाऱ्या घरांत त्यातला थोडा उठतो. बाकीचा फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात जातो आणि वाळत राहतो. आमच्या जालन्यात एप्रिल-मेचा उन्हाळा असा, की बाहेर राहिलेला मऊ खजूर आंबूस वास मारू लागतो आणि कोरडा खजूर दगड होतो.

अशा खजुरावर पुष्कळदा पांढरे ठिपके दिसतात, आणि बुरशी आली म्हणून अख्खा डबा टाकून दिला जातो. टाकण्याआधी जरा पाहावे. ठिपके कडक, दाणेदार असतील आणि कोमट पाण्यात विरघळत असतील, तर ती खजुरातलीच साखर वर आलेली आहे. असा खजूर खायला चांगला. मात्र ठिपके कापसासारखे लवदार असतील, वास आंबट असेल, तर तो टाकूनच द्यावा. धुऊन, पुसून वापरू नये.

या वाळलेल्या, मुलांनी नाक मुरडलेल्या खजुराचे एक छान सॉस होते. रंग तपकिरी, चव हुबेहूब नाही तरी कॅरमेलच्या फार जवळची. केकवर आणि आइस्क्रीमवर ओतायला मुले जी बाटली मागतात, तिच्यावरील घटकांची यादी एकदा वाचा. साखर, ग्लुकोज सिरप, रंग, सुवास असेच काही सापडते. घरी केलेल्या सॉसमध्ये काय आहे, ते आपल्याला ठाऊक असते.

भगिनींनो, दावतीसाठी कॅरमेल पुडिंग करताना तुम्ही कोरड्या भांड्यात साखर जाळली असेलच. साखर साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की विरघळून तांबूस होते. म्हणजे उकळत्या पाण्याहून कितीतरी जास्त गरम. पाण्याचा थेंब उडाला तर तो ओघळून जातो. पाक उडाला तर कातडीला चिकटतो आणि चिकटलेल्या जागी भाजतच राहतो. घरात पायांत घुटमळणारी लहान मुले असतील तर मला तरी तो प्रकार नको वाटतो. खजुराच्या सॉसला या आचेची गरजच नाही. खजूर पिकताना आणि वाळताना त्यातली साखर आणि प्रथिनांचे घटक यांची हळूहळू एकमेकांवर क्रिया होत असते. भाकरी तव्यावर भाजताना तिला जे तपकिरी डाग आणि खमंग वास येतो, तीच ही क्रिया. फक्त भाकरीवर क्षणांत होते आणि खजुरात कित्येक आठवडे चालते. कॅरमेलची आठवण करून देणारी चव त्यात अशी आधीच भरलेली असते.

हे काही परदेशी नवे खूळ आहे, असे कुणी म्हणाले तर त्यांना खुबानी का मीठा आठवायला सांगा. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे तिकडचे कितीतरी पदार्थ आपल्या दस्तरख्वानावर आपलेच होऊन बसले. सुकी खुबानी रात्रभर भिजवायची, त्याच पाण्यात शिजवायची, घोटायची. खजुराच्या सॉसची रीत याहून वेगळी नाही. चाट-भेळेवरची खजूर-चिंचेची चटणी तर आपण सगळ्याच करतो. तिच्यातून चिंच, जिरे, तिखट काढून टाका, की अर्धे काम झाले. आपल्या ईदच्या शीरखुर्म्याचे नावही फारसीतून आलेले, शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर.

आखाती देशांत नोकरीला असलेल्या मुलांनी कधी ‘दिब्स’ची बाटली आणली असेल. तो खजुराचा काकवीसारखा पातळ, काळसर पाक. तिकडच्या जुन्या किल्ल्यांत आणि घरांत ‘मदबसा’ नावाची खोली असे. तिच्या जमिनीला पन्हाळी पाडलेल्या असत. त्यावर खजुराची पोती एकावर एक रचायची. वरच्या वजनाने आणि उन्हाळ्याच्या उकाड्याने खजुरातून पाक झरायचा आणि पन्हाळीतून खालच्या रांजणात जमायचा. चूल नाही, सरपण नाही. ओमानच्या निझवा किल्ल्यात तर दारावरच्या भोकांतून शत्रूच्या अंगावर उकळता दिब्स ओतत, असे तिथे सांगतात. चिकट गरम पाकाबद्दल मी वर जे लिहिले, ते त्या किल्लेदारांनाही ठाऊक होते म्हणायचे.

आपले सॉस दिब्सपेक्षा दाट होते, कारण आपण नुसता पाक काढत नाही, अख्खा गर वापरतो. आता कृती.

पाव किलो खजूर घ्या. मऊ, काळसर, ओला खजूर असेल तर रंग गडद येतो. मेडजूलसारखा मोठा, गरदार खजूर असेल तर सॉस लोण्यासारखे दाट होते. पण त्यासाठी महागडा खजूर फोडायची मुळीच गरज नाही. अजवा तर पुरून पुरून खावा, मिक्सरमध्ये घालू नये. इराकी झाहिदी किंवा दाबून ठोकळा केलेला स्वस्त खजूरही चालतो, थोडा जास्त भिजवावा लागतो एवढेच. ठोकळ्याच्या काही पाकिटांवर घटकांमध्ये ग्लुकोज सिरप लिहिलेले असते. ते मात्र घेऊ नका, नाहीतर दारातून घालवलेली साखर खिडकीतून आत यायची.

प्रत्येक खजूर हाताने उभा चिरून उघडा. अख्खा भिजवू नका. बी काढायची असतेच. शिवाय आत कीड किंवा काळी भुकटी असेल तर ती उघडल्याशिवाय दिसत नाही. देठाची टोपी काढा. मग एक पेला कडकडीत गरम पाण्यात झाकून ठेवा. ओला खजूर पंधरा-वीस मिनिटांत मऊ होतो, वाळलेल्याला तासभर लागतो. खारीक मात्र यासाठी घेऊ नये. ती रात्रभर भिजवूनही तंतूदार राहते. तिची जागा शीरखुर्म्यात आणि बाळंतिणीच्या लाडवात.

भिजवलेले पाणी टाकू नका, गोडवा त्यात उतरलेला असतो. खजूर त्याच पाण्यासह मिक्सरमधून अगदी बारीक काढा. सालीचे बारीक पापुद्रे राहतात आणि जिभेला लागतात. ते नको असतील तर गर पुरणयंत्रातून काढा. होय, होळीला शेजारीण पुरणपोळीसाठी वापरते, तेच. लाइट गेलेली असेल तर मिक्सरशिवायही काम होते: भिजवलेला खजूर त्याच पाण्यात पाच मिनिटे उकळा, रवीने घोटा आणि पुरणयंत्राची जाड जाळी आधी, बारीक जाळी नंतर लावून दोनदा फिरवा.

आता जाड बुडाच्या पातेल्यात एक चमचा साजूक तूप टाका, गर घाला आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटे हलवत राहा. रंग एक छटा गडद होतो आणि खमंग वास सुटतो. चिमूटभर मीठ घाला. हे मीठ विसरू नये; त्याच्याशिवाय ती खजुराची चटणी लागते आणि त्याच्यामुळे कॅरमेल. गॅस बंद करून थोडे निवल्यावर अर्धा पेला कोमट दूध घालून फेटा. दूध आधी घालून उकळू नका, गुळाच्या खिरीत फाटते तसे इथेही फाटू शकते. सुवासासाठी पुष्कळ जणी व्हॅनिला सुचवतात. व्हॅनिलाचा अर्क मद्यार्कात काढतात, आणि बाजारातल्या इसेन्सच्या बाटलीतही काय आहे ते लेबल वाचल्याशिवाय कळत नाही. मी तर वेलची आणि किंचित जायफळ घालते. खजुराशी त्यांचे जुने सख्य आहे.

एक प्रकार खास आपल्या जिल्ह्याचा म्हणून करून पाहा. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दुधाऐवजी एका मोसंबीचा ताजा रस आणि सालीचा अगदी थोडा किस घालायचा. किसताना सालीचा पांढरा भाग येऊ द्यायचा नाही. रस गॅस बंद केल्यावरच घालावा आणि सॉस त्याच दिवशी संपवावे, कारण मोसंबीचा रस तापला किंवा शिळा झाला की कडवटपणा धरतो. हे सॉस दह्यावर सुरेख लागते.

फिरनी, शाही तुकडे, मालपुवे, केळ्याच्या चकत्या, थंड दूध, बाजरीची गरम भाकरी, कशाबरोबरही ते जाते. कॅरमेल पुडिंगच्या बुडाशी मात्र ते साखरेची जागा घेत नाही. तिथे जळलेली साखर विरघळून पुडिंगवर पातळ पाक होऊन उतरते. खजुराचा गर विरघळत नाही, तळाशी चिकटून बसतो. पुडिंग उलटे केल्यावर वरून ओतावा.

आता ज्यासाठी हा विषय या महिन्यात घेतला, ते. खजूर सुन्नत आहे, बरकतीचा आहे, म्हणून त्याने शुगर वाढत नाही, असे आपल्या घरांत सर्रास बोलले जाते. दादीला, नानाला गोळ्या चालू असतात, चहात साखर बंद असते आणि वाटीत पाच-सहा खजूर ठेवलेले असतात. ‘नैसर्गिक गोड’ म्हटले की सॉसचाही तसाच समज होणार. म्हणून हिशेबच करू. खजुराच्या गरात शंभर ग्रॅमला साधारण ६५ ग्रॅम साखर असते. पाव किलो खजुरातून बिया वजा जाता सव्वादोनशे ग्रॅम गर, त्यात जवळजवळ दीडशे ग्रॅम साखर. सॉस होते चारशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे जेवणाच्या एका मोठ्या चमच्यात, वीस ग्रॅमला, सुमारे सात ग्रॅम साखर आली. चहाचा दीड चमचा धरा. साखर जाळून, मलई आणि लोणी घालून केलेल्या कॅरमेलमध्ये तेवढ्याच चमच्याला दहा ग्रॅमच्या आसपास असते. फरक आहे, पण साखर आणि बिनसाखर असा नाही.

खजुराच्या बाजूने बोलण्यासारखेही आहे. त्यात शंभर ग्रॅमला सात-आठ ग्रॅम तंतू असतात. पांढऱ्या साखरेत काहीच नसते. संयुक्त अरब अमिरातीतल्या संशोधकांनी २०११ साली पाच जातींच्या खजुरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी आणि मधुमेही अशा दोन्ही गटांत खजुराचा ग्लायसेमिक निर्देशांक ४३ ते ५५ च्या दरम्यान निघाला, आणि हे आकडे वाईट नाहीत. पण तो अभ्यास मोजून दिलेल्या खजुराचा होता, वाटीभर सॉसचा नव्हे. खजूर चावून खाताना दोन-तीन झाले की पोट आणि जबडा थांबतो; मिक्सरमधून निघालेला गर थांबवत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आपल्यापैकी किती घरांत इन्सुलिनची पेटी फ्रीजच्या दारात असते, ते सांगायला आकडा लागत नाही.

तेव्हा मुलांच्या वाटीत सॉस घालताना त्यात वेगळी साखर नको. फिरनीवर ओतायचे असेल तर फिरनी फिकी करा. दादीला हवे असेल तर चहाच्या चमच्याने एक चमचा, जेवणानंतर, आणि त्या दिवशी वाटीतले खजूर बंद. तेही तिच्या डॉक्टरांना विचारून. किडनीचा विकार असलेल्यांना खजूर वेगळ्या कारणाने जपून द्यावा लागतो: त्यात पोटॅशियम भरपूर असते. सरबतात, दुधात गुपचूप मिसळून ‘हे तर नुसते खजुराचे आहे’ म्हणून देणे, हा लाड नव्हे.

दूध घातलेले सॉस फ्रीजमध्ये चार दिवसांच्या आत संपवावे. जास्त टिकवायचे असेल तर दूध न घालता, घट्ट आटवून, कोरड्या काचेच्या बरणीत भरा. आठ-दहा दिवस राहते, आणि लागेल तेवढ्यात आयत्या वेळी दूध घालता येते. चमचा दर वेळी कोरडाच हवा. उन्हाळ्यात लाइट चार-पाच तास गेली असेल तर बरणी उघडून आधी वास घ्या. बरणीवर केल्याची तारीख आणि ‘यात साखर आहे’ एवढे दोन शब्द लिहून चिकटवा, म्हणजे आपण घरी नसताना वाढणाऱ्या सुनेला किंवा नातीला विचारावे लागत नाही.