पदवीधरांचे ‘स्वेच्छा’ स्थलांतर

महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या गावात शेतकऱ्याचा वा शेतमजुराचा मुलगा पदवीधर झाला, की घरात निघणारा पहिला प्रश्न ‘पुण्याला कधी निघायचे’ हाच असतो. प्रस्थापित अर्थशास्त्र याला संधीकडे होणारी वाटचाल म्हणते. तरुण महत्त्वाकांक्षी आहे, शहराला मनुष्यबळ हवे आहे. मग तक्रार कसली? तक्रार ही, की या व्यवहारात तरुणाला नकार देण्याची सोयच ठेवलेली नाही. ज्याला राहणे परवडत नाही, त्याचे जाणे स्वेच्छेचे कसे म्हणावे?

याच भागातील तांड्यांवरून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात, आणि पदवीधर चाकणच्या कारखान्यात कंत्राटदारामार्फत लागतो. एकाला स्थलांतर म्हणतात, दुसऱ्याला ‘करिअर’. कोरडवाहू कापूस-सोयाबीनवर घर चालत नाही, हे कारण दोघांचेही एकच. ऊसतोड्याला निदान मुकादमाकडून उचल मिळते. पदवीधराच्या शिक्षणापायी बापानेच आधी कर्ज काढलेले असते.

विदर्भाला आश्वासने मिळाली नव्हती असे नाही. १९५३ चा नागपूर करार झाला. राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमात तंत्रशिक्षण व शासकीय नोकऱ्यांत न्याय्य संधीची तरतूद आली. त्याच कलमाखालील विकास मंडळे प्रत्यक्षात यायला १९९४ साल उजाडले, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली तेव्हा ती वेळेत वाढवण्याची निकड सरकारला वाटली नाही. शेजारच्या पुसदने राज्याला वसंतराव नाईक व सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिले. तेव्हा आपला माणूस मुंबईत बसला की प्रश्न सुटतो, ही समजूतही या भागाने पुरेशी पारखून घेतली आहे.

आता राज्यकर्त्यांचा ताजा हिशेब पाहावा. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. शुल्क खुल्या वर्गाला १००० रुपये, मागासवर्गीयांना ९००. बेकारांच्या खिशातून किती कोटी गोळा झाले, हा गुणाकार वाचकांनीच करावा. पुढच्याच वर्षी, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. पदवीधराला सहा महिने दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन. पुढे मुदत अकरा महिन्यांवर नेली. कार्यालयात काम नियमित, पण माणूस प्रशिक्षणार्थी! काम कायमचे असेल तर पद कायमचे का नसावे, या साध्या प्रश्नाला ‘कौशल्य’ हा शब्द उत्तर म्हणून फेकला जातो.

तरुणांनी गावातच राहावे, असा भाबडा आग्रह समाजवाद्यांनी धरू नये. गावात जात आहे, सावकार आहे. मुलींना तर शहरात प्रथमच स्वतःच्या मिळकतीवर हक्क सांगता येतो. जाण्याचे स्वातंत्र्य हवेच. परंतु राहण्याचा हक्कही तितकाच खरा हवा, आणि त्यासाठी लढण्याची जागा तालुका हीच आहे. शाळा, आरोग्य केंद्रे, कृषी व महसूल कार्यालये यांतील मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मागता येते. महागाव-उमरखेडच्या कार्यकर्त्यांनी ही यादी मिळवून गावोगावच्या ग्रामसभांत वाचून दाखवावी. आणि चाकण, हिंजवडीतील साथींनी कंत्राटी कामगारांच्या खोल्यांवर जाऊन, यवतमाळची किती मुले तेथे राहतात, याची नोंद आजपासून ठेवावी.